मदत हवी आहे: पायथनमधून एनएलऑप्ट (फंक्शनची किमान किंमत शोधणारी सी लायब्ररी) बोलावतोय, सुरुवातीच्या बिंदूवरच थांबतं आणि वर "सक्सेस" म्हणतं

खटपट्या:
मंडळी, पायथन आणि सी दोन्ही कोळून प्यालेलं कोणी असेल तर जरा बघा. एका गेजिंग स्टेशनचा रेटिंग कर्व्ह बसवतोय, म्हणजे पाणीपातळीवरून विसर्ग काढायचं नेहमीचं सूत्र: सी गुणिले (पातळी वजा एच-शून्य) चा बी घात (इथला सी म्हणजे गुणांक, सी भाषा नव्हे). सी, एच-शून्य आणि बी हे तीन अज्ञात, आणि मोजलेला विसर्ग व सूत्राचा विसर्ग यांच्या फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करायची, एवढंच. सायपाय (पायथनची गणिती लायब्ररी) वापर म्हणून सांगू नका, ते येतं, पण ग्रुपचा जुना सी प्रोग्राम एनएलऑप्टवर चालतो आणि सरांना त्याच बिल्डमधून उत्तर हवंय, शिवाय त्या मशीनला नेट नाही म्हणजे पिप (पायथनची पॅकेजं उतरवणारं साधन) पण नाही. म्हणून डॉट एसओ फाइल (सीची तयार लायब्ररी) थेट सीटाइप्सने (पायथनमधून सी फंक्शनं बोलावणारं मोड्यूल) लोड केलीय. कोडही तिकडेच अडकलाय, त्यामुळे शब्दात सांगतो.

आधी पहिल्याच कॉलला सेगफॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लागून होणारा क्रॅश) यायचा. कारण सापडलं: सांगितलं नाही तर सीटाइप्स प्रत्येक फंक्शन इंट परत देतं असं धरून चालतं, आणि क्रिएट फंक्शन देतं पॉइंटर, मग ६४ बिटी मशीनवर त्याचा वरचा अर्धा भाग गेला. रेसटाइप (परत येणाऱ्या किमतीचा प्रकार) व्हॉइड पॉइंटर केला तरी क्रॅश चालूच, कारण परत आलेला पॉइंटर पायथनकडे साधा आकडा बनतो आणि पुढच्या फंक्शनला देताना पुन्हा इंट म्हणून कापला जातो. आर्गटाइप्स (आत जाणाऱ्या किमतींचे प्रकार) पण सगळीकडे लिहिले तेव्हा कुठे ते थांबलं.

आता खरा प्रश्न. कोबायला (एनएलऑप्टमधला एक अल्गोरिदम) लावलं की उत्तर सी प्रोग्रामशी जुळतं. एसएलएसक्यूपी (दुसरा अल्गोरिदम, याला डेरिव्हेटिव्ह लागतात) लावलं की बहुतेक वेळा मी दिलेला सुरुवातीचा बिंदूच जसाच्या तसा परत, कधीकधी भलतंच काहीतरी, आणि रिटर्न कोड पॉझिटिव्ह, म्हणजे त्याच्या हिशेबी सगळं छान चाललंय! डेरिव्हेटिव्ह कागदावर तपासलेत. कॉलबॅकमध्ये (एनएलऑप्ट उलट बोलावतं ते माझं पायथन फंक्शन) ग्रेडचा (डेरिव्हेटिव्ह भरायची जागा) पॉइंटर येतो त्याचा नमपाय (पायथनची आकड्यांची लायब्ररी) ॲरे करून 'जी' मध्ये ठेवतो, आणि मग जी बरोबर नमपाय ॲरे, कंसात तीन डेरिव्हेटिव्ह. मधूनच ऑप्टिमाइझ कॉलच्या आत क्रॅश पण होतं, आणि स्क्रीनवर "एक्सेप्शन इग्नोर्ड" असं काहीतरी वाहून जातं. डोकं चालेनासं झालंय.

कोयनाकाठ:
क्रॅशचं सांगतो. सेट-मिन-ऑब्जेक्टिव्हच्या (कुठलं फंक्शन कमी करायचं ते एनएलऑप्टला सांगणारा कॉल) कंसातच कॉलबॅक सीएफंकटाइपमध्ये (पायथन फंक्शनला सीला चालेल असं रूप देणारं वेष्टन) गुंडाळून दिलायस का? तसं असेल तर ती ओळ संपली की पायथनच्या दृष्टीने त्या वस्तूचं काम संपलं, गार्बेज कलेक्टर उचलून नेतो, आणि एनएलऑप्टने जपून ठेवलेला पत्ता मोकळ्या जागेचा. कॉलबॅक एका व्हेरिएबलमध्ये धर आणि ऑप्टिमाइझ परत येईपर्यंत सोडू नकोस. दुसरं म्हणजे फॉल्टहँडलर मोड्यूल एनेबल कर, पायथनसोबतच येतं, नेट लागत नाही. सेगफॉल्ट झाला तरी पायथनची कुठली ओळ चालू होती ते छापतं.

जुना सीवाला:
ग्रेडियंटचा (म्हणजे डेरिव्हेटिव्हचा) घोळ तुझ्याच वाक्यात आहे. "जी बरोबर नमपाय ॲरे" लिहिलंस की जी हे नाव नव्या ॲरेला चिकटतं, सीने ज्या मेमरीचा पत्ता दिला होता तिथे एक आकडाही लिहिला जात नाही. तिथे जे पडलेलं असतं तेच एसएलएसक्यूपी ग्रेडियंट म्हणून वाचतं. शून्यं असली तर त्याला वाटतं तळ गाठला, थांबलं. कचरा असला तर गेलं भलतीकडे. जी नंतर चौकोनी कंसात नुसता कोलन टाकून मग बरोबर लिही, म्हणजे त्याच जागेत भरलं जाईल. कोबायलाला हे जाणवणार नाही, ते डेरिव्हेटिव्ह मागतच नाही. अल्गोरिदमच्या नावातलं दुसरं अक्षर बघ, एलएन मधला एन म्हणजे डेरिव्हेटिव्ह नको, एलडी मधला डी म्हणजे हवेत. एन प्रकारात ग्रेड नल येतो, त्यामुळे भरायच्या आधी तपास.

आणि अल्गोरिदमचा नंबर हेडरमधून बघून हाताने टाकला असशील तर अल्गोरिदम-नेम फंक्शनला तो देऊन नाव छापून बघ, आवृत्तीगणिक नंबर सरकू शकतात.

खटपट्या:
दादा __/\__ कोलन टाकला आणि एसएलएसक्यूपी धावायला लागलं. कॉलबॅक पण कंसातच होता, बाहेर काढला. पण ते "एक्सेप्शन इग्नोर्ड" अजून येतंय, टाइप एरर म्हणतंय. आणि प्रत्येक कॉलला एक्स एका लिस्टमध्ये साठवतो तर शेवटी सगळ्या ओळी सारख्याच दिसतात, हे काय आता?

जुना सीवाला:
लिस्टचं सोपं आहे. एक्स हा पण सीच्या मेमरीवरचा नुसता व्ह्यू, तू तीच खिडकी परत परत साठवतोयस. कॉपी करून टाक. ऑप्टिमाइझ संपल्यावर ती मेमरी फ्री झालेली असू शकते, त्यामुळे नंतर वाचणं तर अजिबात नको.

टाइप एररचं: एच-शून्यला वरची मर्यादा दिलीयस का? तो सगळ्यात कमी पातळीच्या वर गेला की कंसातला आकडा ऋण होतो, आणि साध्या पायथन फ्लोटमध्ये ऋण आकड्याचा अपूर्णांक घात काढलास तर पायथन ३ गुपचूप कॉम्प्लेक्स नंबर देतं. तो डबलमध्ये बसत नाही म्हणून एरर, पण कॉलबॅकमधला एरर सीला ओलांडून वर येत नाही, फक्त छापला जातो, आणि एनएलऑप्टच्या हाती त्या वेळी काय पडतं याचा भरवसा नाही. मर्यादा सेट-अपर-बाउंड्सने दे, किमान पातळीपेक्षा किंचित खाली. शिवाय कॉलबॅकचं अख्खं अंग ट्राय-एक्सेप्टमध्ये घाल, एरर आला तर बाजूला साठव आणि फोर्स-स्टॉप (एनएलऑप्टला थांबवणारं फंक्शन) बोलाव, मग ऑप्टिमाइझ वजा ५ देऊन परत येतं, तेव्हा साठवलेला एरर तू स्वतः रेझ कर.

कोयनाकाठ:
+१. आणि स्वतःचा डेटा लावायच्या आधी एनएलऑप्टच्या ट्युटोरियलमधलं छोटं गणित चालवून बघत जा. उत्तर (१/३, ८/२७), किमान किंमत ०.५४४३ च्या आसपास. ते आलं नाही तर दोष तुझ्या जोडणीत, नदीच्या डेटात नाही.

खटपट्या:
ट्युटोरियलचं आलं बरोबर, आणि मर्यादा घातल्यावर माझंही कोबायला आणि एसएलएसक्यूपी दोन्हीकडून एकच आलं. एक शेवटचं: सगळी स्टेशनं एकदम चालवायची आहेत, प्रत्येक वेळी सीमधून पायथनमध्ये उडी मारणं महाग पडेल ना?

जुना सीवाला:
पडेल, पण आधी मोज. बेरजेचं लूप पायथनमध्ये असेल तर ते नमपायवर ने, बहुतेक तेवढ्यात भागेल. नाहीच भागलं तर ऑब्जेक्टिव्ह फंक्शन सीमध्येच लिही, वेगळी डॉट एसओ कर आणि त्यातलं फंक्शन सीटाइप्सच्या कास्टने सीएफंकटाइपमध्ये बदलून थेट एनएलऑप्टला दे, मग मधे पायथन येतच नाही. पातळ्या आणि विसर्ग शेवटच्या व्हॉइड पॉइंटरमधून स्ट्रक्चर करून पाठव. त्या स्ट्रक्चरला पण व्हेरिएबलमध्ये धरून ठेव, नाहीतर परत इथेच येशील :)