कोस्टा रिकात नोकरी : बायको-मुलीला घेऊन जावं का?

उद्यमबागवाला
नमस्कार. मी बेळगावात उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. कोस्टा रिकात अलाहुएला शहराच्या फ्री झोनमधल्या (करसवलतीची औद्योगिक वसाहत) वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यातून ऑफर आली आहे. बायको खानापुरात शिक्षिका, मुलगी चौथीत. आई इथंच राहणार. तिकडं कोण राहिलंय का? एचआरवाले पगार आणि हवामान एवढंच सांगतात.

शहापूरची, आता हेरेडियात
दादा, मी कोस्टा रिकातच हेरेडियात राहते. पगार नंतर बघा, आधी वहिनींचं बघा. तुमच्या परवान्यावर त्या आल्या तरी स्वतःचा कामाचा परवाना काढल्याशिवाय त्यांना नोकरी करता येत नाही. मी बेळगावात बँकेत होते. इथं घरी बसणं फार जड गेलं, अजून जातं. वहिनींशी हे स्पष्ट बोलल्याशिवाय राजीनामा देऊ नका.

दुसरं कागदांचं. लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, पोलीस दाखला, सगळ्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्कामोर्तब लागतं. दाखले कर्नाटकाचे, म्हणून आधी बेंगळुरूचा शिक्का, मग परराष्ट्र खात्याचा. त्यानंतर अधिकृत अनुवादकाकडून स्पॅनिश. आमच्या लेकीच्या कन्नड दाखल्यावर तिचं आणि बापाचं नाव होतं, आडनावच नाही; पासपोर्टवर मात्र आहे. तुमचे कागद आजच समोरासमोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा, चूक असली तर तिथं असतानाच दुरुस्त करून घ्या. इथून करायचं म्हणजे मुखत्यारपत्रापासून सुरुवात. पोलीस दाखला मात्र शेवटी काढा, शिळा झालेला चालत नाही.

औषधपाण्याला 'काहा' म्हणजे सरकारी विमा. पगारातून साधारण दहा-अकरा टक्के कापतात, त्यात पेन्शनही आलं. उपचार चांगले, पण तातडीचं नसेल तर तज्ज्ञ डॉक्टरसाठी वाट बघावी लागते.

पाऊस मे ते नोव्हेंबर, पण खानापूरसारखी झड नाही. सकाळी लख्ख ऊन, दुपारी धो धो. धुणं मी सकाळीच उरकते. तरी कपाटात बुरशी धरतेच.

निपाणीकर
मी पनामा सिटीत होतो. तिथं डॉलर चालतो, गुजराती-सिंधी लोक पुष्कळ, देऊळही आहे. कोस्टा रिकात आपली माणसं कमी आणि महागाई जास्त. माझं मत, आधी एकट्यानं जा, बस्तान बसलं की त्यांना न्या. आणि अमेरिकेतून तिकीट काढू नका, नुसतं विमान बदलायलाही त्यांचा व्हिसा लागतो.

शहापूरची, आता हेरेडियात
तिकिटाचं बरोबर. एकट्यानं जाण्याचं मला पटत नाही. मूल जितकं लहान, तितकं स्पॅनिश लवकर येतं. इथं शाळा फेब्रुवारीत सुरू होते, जूनमध्ये आणलंत तर पोर अर्ध्या वर्षात जाऊन बसेल. जानेवारीत आणा. खाण्याची काळजी नको. तांदूळ, घेवडा, कोथिंबीर सगळं मिळतं, गुळाची ढेपही मिळते. जोंधळ्याचं पीठ तेवढं घेऊन या.

उद्यमबागवाला
ताई, दाखला काढून बघितला. मुलीचं आडनाव आमच्याकडंही नाहीच. सोमवारी महापालिकेत जातो. बायको विचारते, तिकडं घरी बसून इथल्या मुलांच्या ऑनलाइन शिकवण्या घेतल्या तर चालतील का?

शहापूरची, आता हेरेडियात
ते कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. वेळेचं सांगते, इथं रात्रीचे आठ वाजले की बेळगावात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात. आईंशी बोलायलाही हीच वेळ बरी.