बी विंग ग्रुप : रात्री गच्चीवर कोण होतं?

रविवार

सकाळी ६:१२
कुलकर्णी काकू (७०२) : रात्री एक ते चार डोक्यावर नुसतं फटफट फटफट. ह्यांचा डोळ्याला डोळा नाही. बीपीच्या गोळ्या चालू आहेत, सगळ्यांना माहीत आहे. वर कोण होतं ते मला कळलंय, नाव घेत नाही.

६:३१
अनघा (४०४) : काकू, मीच होते, ट्रेकचे तंबू तपासत होते. मनापासून माफी मागते. साडेबारानंतर वारा वाढला आणि तंबूचं वरचं कापड भिजून सैल पडलं, त्याचा आवाज होता. चारला उठून दोऱ्या परत ताणल्या तेव्हा थांबला. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, चुकलं माझं.

६:३३
देशपांडे काका (७०१) : गच्चीत खिळे ठोकले का? २०२२ ला वॉटरप्रूफिंग झालंय. प्रत्येक फ्लॅटने १८,००० भरलेत. भोक पडलं तर खर्च कोण देणार?

६:३४
मंदार (६०४) : काका, सुप्रभात 🙏

६:३५
देशपांडे काका (७०१) : सुप्रभात. खिळे ठोकले का?

६:४०
अनघा (४०४) : एकही नाही काका. पाण्याचे २० लिटरचे ८ कॅन भरून ठेवले आणि दोऱ्या त्यांना बांधल्या. कॅनखाली जुनी सतरंजी घातली होती.

६:५२
शिंदे (सेक्रेटरी, २०३) : गच्चीची चावी रीतसर घेतली होती. रजिस्टरला सही आहे. तरीही ग्रुपवर कळवणे आवश्यक होते. पुढच्या वेळी कृपया कळवावे.

६:५५
कुलकर्णी काकू (७०२) : शिंदे साहेब, तुमची वैदेही पण जातेय ना त्या ट्रेकला? म्हणून चावी लगेच मिळाली. मंगळागौरीला मी मागितली तेव्हा म्हणालात कमिटीचा ठराव लागेल.

६:५८
शिंदे (सेक्रेटरी, २०३) : वहिनी, तेव्हा स्पीकर होता. विषय वेगळा होता.

६:५९
कुलकर्णी काकू (७०२) : स्पीकर साडेनऊला बंद केला होता.

७:०४
स्मिता (३०१) : गच्चीचा विषय निघालाच आहे तर, माझ्या कुरडयांचं प्लॅस्टिक मे महिन्यापासून सापडत नाहीये. निळं, मोठं. कोणाकडे असेल तर द्या.

७:०५
मंदार (६०४) : तंबू कशाचा शिवलाय ते तपासा 😄

७:०७
स्मिता (३०१) : मंदार, ६०० रुपयांचं प्लॅस्टिक होतं ते.

७:१०
देशपांडे काका (७०१) : कॅनचं वजन धरलं का? ८ गुणिले २० म्हणजे १६० किलो. सगळं माझ्या बेडरूमच्या वर. वॉटरप्रूफिंगला काही झालं तर खर्च कोण देणार?

७:३६
पाटील सर (१०२) : अनघा, इतकी यातायात कशासाठी? एनसीसीच्या कॅम्पला आम्ही कॅनव्हासचे तंबू नेत होतो. चार जण उचलायला लागायचे, पण पाऊस कसाही येवो, आत बोटानं कापड शिवायचं नाही एवढा एकच नियम. शिवलं की तिथून थेंब सुरू.

८:१५
अनघा (४०४) : सर, कॅनव्हास चार जण उचलायचे, आम्हाला पाठीवर न्यायचाय. म्हणून सगळ्यांना एकदा नीट सांगते. लांब लिहितेय, पण वाचा.

सप्टेंबरात आम्ही ९ जण हिमाचलातल्या हामटा खिंडीला जातोय. त्यात आपल्याच विंगची ३ मुलं आहेत, शिंदे साहेबांची वैदेही धरून. खिंड साधारण ४,२७० मीटरवर आहे. कुलूच्या बाजूला ओलं हिरवं, पलीकडे लाहौलला उतरलं की कोरडं आणि वारा. खिंड ओलांडून शिया गोरूला मुक्काम असतो. तिथे रात्री दोनला कळलं की शिवण गळतेय, तर दार वाजवायला शेजारी कोणाचं घर नाही. इथे फार तर मी जिना उतरून चौथ्या मजल्यावर येईन.

तीन तंबू लावले होते. आमचा जुना घुमटाचा, पॉलिस्टरचा, ३ किलो ९००. नवा दोन थरांचा, पातळ नायलॉनचा. आणि मैत्रिणीकडून आणलेला एकाच थराचा, ट्रेकिंगच्या काठीवर उभा राहणारा.

नव्याच्या पिशवीवर १ किलो ८०० लिहिलंय. सामानाच्या काट्याला लावला तर २ किलो १४०. खुंट्या, दोऱ्या, पिशव्या त्यांनी मोजल्याच नव्हत्या. माझ्या पाठीवर त्या येणारच आहेत ना?

पिशवीवर १,५०० मिलिमीटर असंही छापलंय. म्हणजे कापडावर दीड मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी पलीकडे येत नाही. पण ती परीक्षा नव्या कापडाच्या तुकड्याची. शिवणीत सुईनं केलेली भोकं असतात. मी आतून प्रत्येक शिवणीखाली टिश्यू पेपरच्या पट्ट्या लावल्या होत्या. पहाटे पायाकडच्या उजव्या कोपऱ्यातली पट्टी भिजून लोंबत होती, बाकीच्या कोरड्या. टॉर्च धरून पाहिलं तर शिवणीवरची टेप बोटभर सुटली होती. खरेदी करून अजून दोन महिने झाले नाहीत.

८:१७
मंदार (६०४) : ताई, हा मेसेज आहे की प्रबंध 🙏

८:१९
पाटील सर (१०२) : मंदार, वाचू दे. टिश्यूची युक्ती चांगली आहे.

८:२४
शिंदे (सेक्रेटरी, २०३) : अनघाताई, म्हणजे वैदेहीला तो तंबू देणार नाही ना?

८:२६
कुलकर्णी काकू (७०२) : आता कशी काळजी वाटली.

८:२७
हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.

८:२८
कुलकर्णी काकू (७०२) : वाचला मी, शिंदे साहेब.

८:४०
अनघा (४०४) : साहेब, शिवण दुरुस्त करून परत एक रात्र भिजवल्याशिवाय त्यात कोणीच झोपणार नाही, मी पण नाही. ह्या कापडाला पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, लेप आहे, टेप परत बसते. एकाच थराच्या तंबूवर सिलिकॉन आहे. त्याला टेप चिकटतच नाही, शिवणीवर सिलिकॉनचाच हात फिरवावा लागतो.

काकू, आवाजाचं कारण सांगते. नायलॉन पाणी पितं आणि लांबतं. संध्याकाळी तबल्यासारखं ताणलेलं कापड मध्यरात्री ओल्या साडीसारखं लोंबतं. मग वाऱ्यात फडफडतं आणि आतल्या थराला चिकटून पाणी आत सोडतं. जुना पॉलिस्टरचा रात्रभर जागचा हलला नाही. म्हणजे नायलॉनवाल्यांनी मध्यरात्री एकदा उठून दोऱ्या ताणायच्या, हे कालच्या रात्रीनं शिकवलं. तुमची झोप गेली त्याचं मला खरंच वाईट वाटतंय.

८:५५
स्मिता (३०१) : निळं प्लॅस्टिक, मोठं. प्लीज बघा.

९:०२
गोखले (५०१) : माझ्याकडे २००८ चा तंबू आहे. माळ्यावर अगदी जपून ठेवलाय. मुलांना घेऊन जा, पैसे नकोत.

९:०४
अनघा (४०४) : थँक्यू काका! येते अर्ध्या तासात.

१०:१०
अनघा (४०४) : गोखले काका, तंबू उघडला. कापड एकमेकांना चिकटलंय, आंबट उलटीसारखा वास येतोय. जुना पीयूचा लेप दमट हवेत असाच विरघळत जातो. तुम्ही काही चुकीचं केलं नाही, माळ्यावरची ओल त्याला पुरेशी होते. खांब मात्र उत्तम आहेत, ॲल्युमिनियमचे. ते वापरले तर चालतील का?

१०:१४
गोखले (५०१) : त्यात आम्ही राजमाचीला झोपलो होतो. ही पण होती तेव्हा. खांब घे बाळ.

१०:१५
कुलकर्णी काकू (७०२) : 🙏

१०:१६
पाटील सर (१०२) : 🙏

१०:३०
जाधव (४०१) : दमट वासाचं बोलताय तर डक्टमध्ये कबुतरांना दाणे कोण टाकतं ते पण निघू दे एकदा. मागच्या मीटिंगला विषय अर्धवट राहिला.

१०:३१
कुलकर्णी काकू (७०२) : माझ्याकडे बघून बोलू नका. ज्वारी मी संक्रांतीपासून बंद केली.

१०:३३
देशपांडे काका (७०१) : कबुतरं नंतर. आधी वॉटरप्रूफिंग. खर्च कोण देणार हे कोणी सांगितलेलं नाही.

११:०५
मंदार (६०४) : शनिवारी परत लावणार असाल तर सगळेच येऊ. तंबूत स्टोव्ह पेटवू, कांदाभजी आणि चहा!

११:०७
अनघा (४०४) : मंदार, तंबूत स्टोव्ह नाही. गच्चीवर नाही आणि डोंगरावर तर मुळीच नाही. कापड पेटलं तर क्षणात वितळून अंगावर येतं. आणि दारं लावून शेगडी पेटवली की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला झोप आल्यासारखं वाटतं आणि तो उठत नाही. मुलांसमोर गमतीनंही हे बोलू नकोस.

११:०९
मंदार (६०४) : सॉरी ताई. खरंच लक्षात नाही आलं. भजी माझ्याकडे करू.

११:२०
वैदेहीची आई (२०३) : अनघा, एका थराचा तंबू सगळ्यात हलका ना? मुलींना तोच द्या, पाठीवर ओझं नको.

११:३८
अनघा (४०४) : वहिनी, मीही तेच ठरवलं होतं. पहाटे उठले तर पायाकडे स्लीपिंग बॅग ओली. आधी वाटलं गळतोय. पण टिश्यूच्या सगळ्या पट्ट्या कोरड्या! आपला श्वासच होता तो. रात्रभराची वाफ थंड कापडावर जमते आणि ओघळते. पंचा कोरडा तोलला, आतून सगळं पुसलं, परत तोलला. ११० ग्रॅम पाणी. मी एकटी झोपले होते, दोघी असत्या तर आणखी. दोन थरांच्या तंबूत हे पाणी बाहेरच्या थरावर जमतं, आपल्या अंगाला लागत नाही. वर थंडीत बॅग ओली झाली की पिसांची ऊब जाते. म्हणून मुलींना दोन थरांचाच, ओझं मी वाटून घेईन.

आणि स्लीपिंग बॅग घेताना मोठ्या अक्षरातला उणे आकडा बघू नका. ‘कम्फर्ट’ म्हणून जो आकडा असतो तो बघा. ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे जेमतेम जीव राहील असं तापमान, झोप लागेल असं नव्हे.

११:४५
पाटील सर (१०२) : पण थंडीची परीक्षा पुण्यात कशी होणार? इथे रात्री २३ अंश.

११:५०
अनघा (४०४) : नाही होणार सर. गच्ची पाऊस, वारा, शिवण आणि वजन एवढंच सांगते. खुंट्यांचंही कोब्यावर कळत नाही, म्हणून त्या काल माळीमामांच्या वाफ्यात ठोकून बघितल्या. तारेच्या बारीक खुंट्या ओल्या मातीतून एका हिसक्यात निघाल्या, वायच्या आकाराच्या टिकल्या. वाटेत बालू का घेराला मुक्काम आहे, नावातच वाळू. तिथे दोरी दगडालाच बांधावी लागणार. मुलांना ती गाठ शिकवतेय, डोळे मिटून यायला हवी.

१२:२०
देशपांडे काका (७०१) : खर्च कोण देणार?

१२:२६
अनघा (४०४) : मी देणार काका. लेखी देते. तुम्ही एकदा वर येऊन जागा बघाल का? २०१९ पासून तीन पावसाळे तुमच्या बेडरूममध्ये बादल्या लावल्या होत्या, ते मी विसरलेले नाही.

संध्याकाळी ६:४८
देशपांडे काका (७०१) : वर जाऊन पाहिलं. कोब्याला ओरखडा नाही. एक गोष्ट सांगतो. वॉटरप्रूफिंग झालं तेव्हा ठेकेदार म्हणाला १० वर्षांची गॅरंटी आहे, निर्धास्त राहा. मी ऐकलं नाही. गच्चीच्या दाराला आणि पाइपांना बोळे लावून ७२ तास पाणी भरून ठेवायला लावलं. दुसऱ्या दिवशी टाकीखालच्या कोपऱ्यात ओल दिसली. ठेकेदाराने मुकाट्यानं परत केलं. तेव्हा ह्याच ग्रुपवर मला किरकिऱ्या म्हणाले होते.

६:५१
अनघा (४०४) : काका, तुमचंच बघून मी शिकले. तो कोपरा तेव्हा सापडला म्हणून गेले तीन पावसाळे सगळे निवांत झोपले.

६:५८
कुलकर्णी काकू (७०२) : परवाच्या रात्रीपर्यंत 🙂

६:५९
स्मिता (३०१) : काकू, कालच्या ना?

७:०१
कुलकर्णी काकू (७०२) : कालच्याच गं. झोप नाही तर वार कुठला लक्षात राहतोय.

७:२०
शिंदे (सेक्रेटरी, २०३) : पुढील शनिवारी रात्री गच्ची वापरण्यास कमिटीची हरकत नाही. विजा चमकल्यास सर्वांनी तात्काळ खाली यावे. वहिनी, मंगळागौरीची तारीख कळवा, चावी माझ्याकडून घेऊन जा.

७:२४
कुलकर्णी काकू (७०२) : बघू. अनघा, शनिवारी ह्यांना हॉलमध्ये झोपवते. तंबू जाधवांच्या बाजूला लाव आणि साडेबाराचा गजर लावून दोऱ्या ताण. वैदेहीला पण उठव, तिलाही यायला हवं ते.

७:२५
अनघा (४०४) : नक्की काकू. १२ चाच लावते.

७:३०
स्मिता (३०१) : प्लॅस्टिक सापडलं. टाकीमागे होतं. धन्यवाद.

७:३३
देशपांडे काका (७०१) : कॅन ओढत नेऊ नका. उचलून न्या. कोबा घासतो. मी साडेनऊला वर असेन.