‘सहजीवन शिका’ म्हणणाऱ्यांनी एक हंगाम बाग राखून दाखवावी

बागायतदार_राजापूर
काल एका ग्रुपवर पोस्ट फिरत होती. पिल्लाला पोटाशी धरून बसलेल्या माकडिणीचा फोटो आणि खाली मजकूर: ‘माणसाने यांच्या घरात अतिक्रमण केलं आहे. कोकणातल्या शेतकऱ्यांनी तक्रारी थांबवून सहजीवन शिकावं.’ त्यावर ढिगाने बदाम. उत्तर लिहायला घेतलं ते लांबलं, म्हणून इथे टाकतोय.

अतिक्रमण कोणी केलं? माझी बाग आजोबांनी कातळ फोडून, डोक्यावरून माती आणून लावली. तेव्हा माकडं सड्यापलीकडच्या, म्हणजे कातळाच्या माळापलीकडच्या रानात असायची. आता उजाडलं की टोळी वाडीत हजर. माडावर चढून कोवळा नारळ दाताने फोडतात, जेमतेम घोटभर पाणी पितात, खाली टाकतात आणि दुसऱ्याला हात घालतात. भुईमूग, रताळी, मका लावणं गावाने सोडलं. पावसाआधी घर शाकारून घ्यावं, तर आठवड्यात कौलं फुटलेली. मोहोर आल्यापासून आंबा उतरेपर्यंत नेपाळी राखणदार ठेवावा लागतो. त्याचा पगार, शिधा, राहायची खोली, सगळं माझ्या खिशातून.

भरपाई आहे म्हणतात. तीन दिवसांत अर्ज, मग वनपाल, तलाठी, कृषी खात्याचा माणूस एकत्र आले की पंचनामा. आमच्याकडे आले तेव्हा पहिला प्रश्न, ‘झाड मोडलं का?’ झाड उभं होतं, नारळ गेले होते. कागदावर काय लिहायचं यावरच गाडी अडली. प्राणी सगळ्या देशाचे आहेत ना? मग त्यांना पोसायचा खर्च एकट्या शेतकऱ्याने का करायचा?

रानवाट_चिपळूण
दादा, तुमचा राग समजतो, पण अर्धीच गोष्ट सांगताय. माकडं खाली का उतरली? रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याचं जंगल नावापुरतं, बाकी सगळं खाजगी. त्या खाजगी रानातले उंबर, जांभूळ, आईन, किंजळ दरवर्षी ट्रक भरभरून लाकूडतोड्या व्यापाऱ्यांना कोणी विकले? वनखात्याने नाही, आपणच. डोंगर साफ करून एकसुरी कलमं लावली. रानातलं खाणं संपवल्यावर जनावर जाणार कुठे?

आणि गावाला चार पैसे मिळाले तर गाव प्राणी वाचवतं. मंडणगडातलं वेळास बघा. कासवाची अंडी उकरून विकली जायची. 2002 पासून घरटी राखायला सुरुवात झाली, 2006 पासून कासव महोत्सव. आता तिथल्या बायका घरी पाहुणे ठेवून, जेवण करून कमावतात.

बागायतदार_राजापूर
कासव माझ्या माडावर चढत नाही हो. ते वाळूत अंडी घालतं आणि समुद्रात जातं. कुणाचं काही न खाणाऱ्या प्राण्याचं उदाहरण आम्हाला देऊ नका. माकड बघायला पैसे भरून कोण येणार?

हर्णैकर_नाखवा
कासव कुणाचं खात नाही हे बागायतदारांनी ठरवलं वाटतं. जाळ्यात अडकलं की जाळं कापून सोडावं लागतं, ते जाळं कुणाचं? बरं, यात सरकारने निदान काहीतरी केलं: डिसेंबर 2018 पासून कापलेल्या जाळ्यासाठी 25 हजारांपर्यंत मदत आहे. पण खरा घोळ वेगळा. 2017 पासून बंदी असलेली एलईडी मासेमारी, म्हणजे प्रखर दिव्यांनी मासे ओढून पकडणं, रात्री राजरोस चालते, आणि छोट्या होडीवाल्याला मात्र संवर्धनाचे धडे...

रानवाट_चिपळूण
नाखवा, एलईडीचा मुद्दा रास्त आहे, पण इथे नको. मात्र कापलेल्या जाळ्याला पैसे मिळतात हे उदाहरण बागायतदारांच्याच बाजूने जातं, हे कबूल करते. तोडलेल्या नारळालाही तसेच मिळाले पाहिजेत.

तिलारीचो
तुमी माकडांचा काय घेवन बसलास? आमच्याकडे सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात 2002 पासून हत्ती आसत. एका रातीत केळीची बाग आडवी करतत, वर माडाचे कोंबय खातत. 2015 त माणगाव खोऱ्यात मोहीम काढून तीन हत्ती पकडल्यानी, त्यातले दोन थोड्याच म्हयन्यांनी मेले. म्हणजे हत्तीय गेले आणि आमचो प्रश्नय तसोच रवलो. माणूस मेल्यार 25 लाख गावतत. पण रातीचा भायर पडाक भ्याव वाटता, त्याचा काय?

लालबागचा_गाववाला
सगळं वाचलं. एकच विचारतो. केरळने 2022 पासून पंचायतींना रानडुकरं मारायचा आदेश द्यायची मुभा दिली. आपल्याकडेही पिकात शिरलेल्या डुकराला परवानगी घेऊन मारता येतं. मग गावातले लोक नुसते रडत का बसतात?

बागायतदार_राजापूर
मुंबईत बसून विचारणं सोपं आहे. परवानगी मिळेल, पण मारायचं कशाने? शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा. 2024 ला विधानसभेची आचारसंहिता ऐन भातकापणीत लागली. डुकरांनी उभं भात लोळवलं आणि बंदूक ठाण्यात.

आणि आता विषय काढलाच आहात तर ऐका. डुकरं पिल्लं कुठे घालतात? तुमच्यासारख्यांच्या पडीक जमिनीत. माझ्या बागेच्या वरच्या अंगाला तीन घराण्यांची वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन आहे, सगळे मुंबईला. करवंदीची जाळी आणि घाणेरी इतकी माजली आहे की आत माणूस शिरत नाही. शिमग्याला पालखी नाचवायला येता, गणपतीला येता, जमिनीकडे ढुंकून बघत नाही.

लालबागचा_गाववाला
तोंड सांभाळून बोला. जमीन पडीक ठेवायची हौस नाही कुणाला. आमच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या भावंडांपासूनची नावं आहेत, निम्मी माणसं वारली, वारसनोंद झालेली नाही. माझा वाटा कुठला हे मलाच कुणी दाखवत नाही. मागच्या मे महिन्यात गडी लावून साफसफाईला गेलो, तर चुलत्याने ‘हद्द कोणी दाखवली?’ म्हणून भर उन्हात भांडण काढलं. माझे वडील गिरणीत राबले आणि गावचं घर त्यांनीच बांधलं. आम्हाला पाहुणे म्हणू नका. आणि गावात राहणाऱ्यांनी सड्यावरच्या जमिनी पुणे-मुंबईच्या फार्महाऊसवाल्यांना विकल्या नाहीत? ते लोक गच्चीतून माकडांना बिस्किटं टाकतात.

माहेर_देवगड
बिस्किटांचं शंभर टक्के खरं आहे. गणपतीपुळ्याला आणि घाटाघाटांत पर्यटक गाडी थांबवून केळी वाटतात. हाताला सवय लागलेलं माकड मग आमच्या स्वयंपाकघरात शिरतं. माझ्या सासूबाईंच्या हातातली परडी ओढून घेतली, त्या पायरीवरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. वर्ष झालं, काठीशिवाय चालता येत नाही. ‘सहजीवन’ लिहिणाऱ्याने हे एकदा येऊन बघावं.

रानवाट_चिपळूण
वाईट वाटलं ताई. खायला घालणाऱ्यांना दंड झालाच पाहिजे.

पण मारण्याबद्दल बोलते. हिमाचलने सिमल्यात 2016 ला माकडं उपद्रवी जाहीर करून घेतली, तरी लोकांनी फारशी मारली नाहीत, कारण माकड म्हणजे मारुती. आपल्याकडे वेगळं होईल? आणि डुकरांसाठी रानात तारेच्या फासक्या लावतात त्यांचं काय? त्यात बिबट्या अडकतो. मी स्वतः पाहिलाय. तार कमरेत रुतलेली, सुटायच्या धडपडीत त्याने भोवतालची माती पार उकरून काढली होती. भुलीचं इंजेक्शन घेऊन माणसं पोचेपर्यंत संपला.

बागायतदार_राजापूर
फासकीवाल्यांची बाजू मी घेणार नाही. ते शेतीच्या नावाखाली मटणासाठी लावतात, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. माकड मारायचं तर आमच्याही हातून होणार नाही, वाडीत मारुतीचं देऊळ आहे. म्हणूनच म्हणतो, पकडून नसबंदी सरकारने करावी.

रानवाट_चिपळूण
करावी. फक्त थोडी माकडं पकडून भागणार नाही, टोळीतल्या बहुतेक माद्यांची व्हायला हवी, तीही वर्षानुवर्षं. आणि पकडलेली टोळी घाटात नेऊन सोडू नका, तिथेही गावं आहेत.

तिलारीचो
आणि हत्ती?

लालबागचा_गाववाला
बागायतदार, पडीक जमिनीत डुकरं वाढतात हे मान्य. सगळा दोष आमच्यावर टाकताय ते मान्य नाही. माझ्या वाट्याची साफसफाई मी पैसे देऊन करून घेतो, पण मोजणी झाल्याशिवाय कोयता लावणार नाही. पुन्हा भांडण नको.

बागायतदार_राजापूर
मोजणीचा अर्ज खातेदारांनीच करायचा असतो, आमच्या हातात ते नाही. गणपतीला याल तेव्हा चुलत्यांना घेऊन ग्रामपंचायतीत बसा, मी तलाठ्याला सांगून ठेवतो. सह्या त्यांच्याच अडल्या आहेत. आणि मोजणी झाली की करवंदी सगळी तोडू नका, वरच्या अंगाचे दोन उंबर आणि जांभूळ ठेवा. चिपळूणच्या ताईंचं तेवढं ऐकतो.