विषय: शेतातल्या कंटेनर घराचा विमा (खानापूर)

मंडळी नमस्कार,

खानापूरजवळच्या आमच्या शेतात आईबाबांसाठी ४० फुटी कंटेनरचं घर करून ठेवलंय, बेळगावच्या उद्यमबागेतल्या फॅब्रिकेटरनं दोन खोल्या, बाथरूम, वरून जादा पत्रा सगळं करून दिलं. इकडं ऑस्ट्रेलियात हलवता येणाऱ्या घराचा विमा सरळ मिळतो. तिकडं एजंट म्हणतो, साहेब हे घरात बसत नाही न् गाडीतपण बसत नाही. पाऊस तोंडावर आलाय, दोघंच असतात तिथं, मला इथं झोप लागत नाही. कुणी काढलाय का असा विमा?

— खानापूरचा, सध्या पर्थ

*

बाळा,

मी काढलाय आणि एकदा पस्तावलोय, म्हणून जरा लांब लिहितो, वाच.

पहिलं, गाडीचा विषय सोड. चाकं असलेली, ओढून न्यायची ट्रेलरवरची खोली असेल तर आरटीओ नोंदणी न् मोटर विमा येतो. तुझं घर क्रेननं उचलून ठेवलंय, ते घरच. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी ठेवावी लागते, तीच माग. आग, वीज, वादळ, पूर, भूस्खलन, झाड पडणं हे सगळं तिच्यात येतं. सामानाला घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप मिळतात. एजंट "कच्चं घर" म्हणाला तर व्याख्या उघडून दाखव. लाकडी फळ्या, गवत, बांबू, ताडपत्री, प्लास्टिक कापड अशांच्या भिंती किंवा छप्पर असेल तर कच्चं, लोखंडी पत्र्याचं नाव त्या यादीत नाही.

आता माझी चूक. माझी केबिन जांबोटी रस्त्याला आहे, फॉर्म एजंटनंच भरला न् बांधकामापुढं "आरसीसी", म्हणजे सिमेंट-सळईचं, लिहिलं, मी न वाचता सही केली. मे महिन्यात वळिवाच्या वाऱ्यानं वरचा जादा पत्रा उचकटून बांधावर नेऊन टाकला, रात्रभर पाणी आत, पॅनेल फुगली, गाद्या चिंब. नुकसान तपासणारा सर्व्हेअर आला, त्यानं छप्पर बघायच्या आधी खाली वाकून टेप लावला. कंटेनरच्या चार कोपऱ्यांखाली सिमेंटचे ब्लॉक, मधे हात जाईल एवढी फट, ब्लॉकला घट्ट पकडणारं काहीच नाही. एक शब्द बोलला नाही, फक्त त्या फटीचे फोटो काढत राहिला. चार महिने गेले न् अर्धेच पैसे आले. नुकसान खरंच होतं, पण कागदावर जे घर होतं ते शेतात नव्हतंच, त्यांना बोट ठेवायला तेवढं पुरलं.

म्हणून फॉर्ममध्ये जसं आहे तसंच लिही: स्टील कंटेनर, राहण्यासाठी, सिमेंटच्या पायावर प्लेट आणि बोल्टनं बसवलेलं. बोल्ट नसतील तर आधी मारून घे, पैसे वाचवू नको तिथं. फॅब्रिकेटरचं जीएसटी बिल, क्रेनची पावती, जमिनीचा उतारा, हेस्कॉमचं विजेचं बिल, सगळ्याची एकेक प्रत तुझ्याकडं मेलवर ठेव. विम्याच्या रकमेत कंटेनरबरोबर आतलं काम, पाया, वायरिंगपण धर. आणि चोरीचं नीट वाच, पूर किंवा आग लागल्यावर सात दिवसांत झालेली चोरी येते, नुसती घरफोडी येत नाही, ती वेगळी घ्यावी लागते. आईबाबा सहा महिने तुझ्याकडं येणार असतील तर बंद घराची अट लेखी विचार, जुन्या फायर पॉलिसीत ३० दिवसांवर घर रिकामं राहिलं की कव्हर थांबायचं.

— जांबोटी रस्त्याचे काका

*

काका, एक विचारते. आमचं येळ्ळूरच्या शेतात आहे, बळ्ळारी नाल्याचं पाणी दरवर्षी चढतंय, म्हणून उचलून वरच्या रानात नेणार आहोत. पॉलिसी तीच चालती काय?

— शहापूरची वहिनी

*

नाही हो वहिनी. पॉलिसी त्या जागेची असते, घर हललं की कव्हर मागं राहतं. हलवायच्या आधी कंपनीला लेखी कळवून नवा सर्व्हे नंबर पॉलिसीवर चढवून घ्या. वाटेतला विमा वेगळा, इनलँड ट्रान्झिट म्हणतात, त्यात क्रेननं चढवणं-उतरवणं येतंय का ते बघूनच पैसे भरा, कारण घर सगळ्यात जास्त तिथंच आपटतं.

आणि कुणाचा क्लेम अडला तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर बेंगळुरूचा विमा लोकपाल, फी नाही लागत, पण वर्षाच्या आत जा.

— काका

*

काका, लई उपकार झाले. आत्ताच बाबांना व्हिडिओ कॉल करून कंटेनरखाली बघायला लावलं. बॅटरी घेऊन वाकले, म्हणाले तीन कोपऱ्यांना बोल्ट आहेत, चौथ्याला नुसतं भोक. फॅब्रिकेटरला फोन केलाय, सोमवारी येतोय. तोवर फॉर्मवर सही करत नाही.

— खानापूरचा