टोमॅटोला जिवाणू खतं सोडली, फरक शून्य. चुकलं कुठे?

नेवासकर_शेती: राम राम मंडळी. ३० गुंठे टोमॅटो, ठिबकवर. जमीन काळी, चुनखडीची. दरवर्षी डीएपी (नत्र-स्फुरदाचं रासायनिक खत) टाकतो, तरी रोपांची पानं खालून जांभळी पडतात. खर्च झेपेना म्हणून यंदा अ‍ॅझोटोबॅक्टर (हवेतलं नत्र धरणारे जिवाणू) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) ठिबकमधून सोडलं. काहीच फरक दिसला नाही. कुणाचा अनुभव?

नारायणगावचा_आबा: दादा, आधी दोन गोष्टी सांगा. बाटली कुठे ठेवली होती? आणि त्या आठवड्यात ड्रेंचिंग, म्हणजे मुळाशी औषधाचं पाणी, कशाचं केलं?

नेवासकर_शेती: बाटली मोटारीच्या खोलीत, पत्र्याखाली. एप्रिलपासून तिथेच होती. लागवडीनंतर मर (रोगानं रोपं सुकणं) दिसली म्हणून कॉपर ऑक्सिक्लोराईड, म्हणजे तांब्याचं बुरशीनाशक, दिलं, दोन दिवसांनी जिवाणू.

नारायणगावचा_आबा: मग जिवाणू मेलेच समजा. निम्मे पत्र्याच्या उन्हानं, उरलेले तांब्यानं. मीही पहिली दोन वर्षं असेच पैसे घालवलेत, म्हणून कळकळीनं सांगतो.

चुनखडीत डीएपीमधला स्फुरद कॅल्शियमला धरून बसतो, रोपाला मिळत नाही, म्हणून पानं जांभळी. पीएसबी सेंद्रिय आम्लं सोडून तो मोकळा करतात, पण त्यांना खायला कर्ब (शेणखतासारखा सेंद्रिय माल) लागतो. नुसत्या ठिबकनं भागत नाही. मी १०० किलो कुजलेल्या शेणखतात दोन्ही जिवाणू एकेक लिटर कालवतो आणि सावलीत ओल्या पोत्याखाली आठवडाभर ठेवतो. मुठीत दाबलं तर लाडू वळावा, पण बोटांतून पाणी गळू नये, एवढीच ओल. आठव्या दिवशी पोतं उचललं की पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो. ते बेडवर मुळाशी द्यायचं. लागवडीच्या संध्याकाळी रोपांची मुळंही जिवाणूंच्या पाण्यात १० मिनिटं बुडवतो. बुरशीनाशक द्यावंच लागलं, तर मध्ये ८-१० दिवस जाऊ देतो.

आणि खत एकदम तोडू नका. संकरित टोमॅटोला हेक्टरी ३०० किलो नत्राची शिफारस आहे, अ‍ॅझोटोबॅक्टर फार तर २०-२५ किलो भरून काढतो. खरी बचत स्फुरदात. मी आधी डीएपी पाव हिश्शानं कमी केलं, पुढचं माती परीक्षण बघून.

कृषीकन्या_राहुरी: आबांना दुजोरा. बाटलीवरची मुदत बघाच. द्रवरूप खतात मिलिलिटरला किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावेत, असा खत नियंत्रण आदेशाचा निकष आहे. आणि दोन सऱ्या जिवाणूंशिवाय ठेवा, त्यांचा माल वेगळा तोला. नाहीतर फरक कळणार कसा?

नेवासकर_शेती: आबा, ताई, आभार. शेणखत चाळून सावलीत घेतलंय. या वेळी कडेच्या दोन सऱ्या कोऱ्या ठेवतो.

नारायणगावचा_आबा: कडेच्या नको दादा, तिथं ऊन-वारा वेगळा लागतो. मधल्या ठेवा.