सजगता-शिक्षकांना सुपरव्हिजन बंधनकारक असावे का?

संथवाहिनी (धागाकर्ती)

गेली सहा वर्षे मी पुण्यात सजगतेचे, म्हणजे माइंडफुलनेसचे, आठ आठवड्यांचे वर्ग घेते. पहिल्याच वर्षी दुसऱ्या बैठकीत, आडवे पडून शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष नेण्याचा सराव चालू असताना, एक बाई उठून बसल्या आणि थरथरू लागल्या. मी शांत आवाजात "श्वासाकडे या" असे म्हटले आणि सराव तसाच पुढे नेला. नंतरच्या बोलण्यात त्या गप्प राहिल्या, मीही विचारले नाही. पुढच्या आठवड्यात त्या आल्या नाहीत. माझ्या वहीत मी त्यांच्या नावापुढे 'अनियमित' असे लिहिले.

ही गोष्ट मी तीन महिन्यांनी माझ्या सुपरव्हायझरना, म्हणजे ज्यांच्यापुढे मी माझे काम मांडते त्या अनुभवी शिक्षकांना, सांगितली, तीही सहज, गळती किती झाली याचा हिशेब देताना. आमच्या भेटीची सुरुवात काही मिनिटे शांत बसून होते आणि बोलण्याच्या मध्येही आम्ही थांबतो. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "त्या उठून बसल्या तेव्हा तुमचे हात कुठे होते?" मला आठवले, की सूचनांचा कागद मी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता. घाबरले होते मी, आणि "श्वासाकडे या" हे मी स्वतःलाच सांगत होते. काही माणसांची भीती श्वासाकडे लक्ष नेल्याने वाढते, अशा वेळी डोळे उघडू द्यावेत, पाय जमिनीवर टेकवायला सांगावे, हवे तर उठून चालू द्यावे, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. भीतीच्या क्षणी त्यातले काहीच हाताशी आले नाही. त्या बाईंना मी नंतर फोन केला आणि आम्ही बोललो, पण त्या वर्गात परत आल्या नाहीत.

'पर्यवेक्षण' म्हटले की आपल्याला परीक्षेच्या दालनात फेऱ्या मारणारे शिक्षक आठवतात, म्हणून मी 'सुपरव्हिजन' हाच रुळलेला शब्द वापरते. शिक्षकाने आपल्याहून अनुभवी शिक्षकापुढे आपले काम आणि त्या कामातले आपले मन नियमितपणे उघडे करणे, एवढाच त्याचा अर्थ आहे. ज्यांच्याकडून हे आठ आठवड्यांचे वर्ग आपल्याकडे आले, त्यांच्या परंपरेत ही गोष्ट आता गृहीत धरली जाते. १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात तणावमुक्तीचा असा वर्ग सुरू केला. पुढे सीगल, विल्यम्स आणि टीसडेल यांनी त्यातून वारंवार उलटणाऱ्या नैराश्यासाठी 'एमबीसीटी', म्हणजे सजगतेला विचारांवरच्या मानसोपचाराची जोड देणारी पद्धत, बांधली आणि २००४ मध्ये ब्रिटनमध्ये उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या 'नाइस' या संस्थेने तिची शिफारस केली. ब्रिटनमधील 'बांबा' या शिक्षकसंघटनेच्या यादीत नाव हवे असेल, तर नियमित सुपरव्हिजन, स्वतःची रोजची साधना आणि निवासी ध्यानशिबिरे या तिन्ही गोष्टी चालू असाव्या लागतात. तिथेही हा सरकारी कायदा नाही, शिक्षकांनी आपण होऊन स्वीकारलेली शिस्त आहे.

आपल्याकडे समुपदेशकांना २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याने एका चौकटीत आणले आहे, परंतु सजगतेचा वर्ग घेणाऱ्याला कोणतीही नोंदणी सक्तीची नाही. म्हणून माझा प्रस्ताव असा: तणाव, चिंता किंवा नैराश्य यांवर उपयोग होईल असे सांगून जो शुल्क घेतो, त्याने महिन्यातून किमान एकदा सुपरव्हिजन घ्यावे आणि ते कोणाकडे घेतो हे नावनोंदणीच्या कागदावर छापावे.

गोदातीर

आपण आपली चूक इतक्या स्वच्छपणे मांडली याबद्दल आदर वाटतो, तरीही मी प्रस्तावाच्या विरोधात आहे.

मी सतरा वर्षे विपश्यना करतो. इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र १९७६ पासून चालू आहे. तिथे दहा दिवसांच्या शिबिराला शुल्क नसते आणि सहायक आचार्यही मानधन घेत नाहीत. स्वतः वर्षानुवर्षे साधना केल्यावर आणि जबाबदारी सोपवली गेल्यावरच माणूस त्या आसनावर बसतो. सूचना आणि प्रवचने ही परंपरा भारतात रुजवणाऱ्या गोयंका गुरुजींच्या ध्वनिमुद्रणातून येतात, त्यामुळे आचार्याला स्वतःचे काही घुसडायला वाव राहत नाही. साधकाला अडचण आली तर दुपारी आचार्यांना एकट्याने भेटता येते. शिबिराच्या अर्जातच मानसिक आजारांविषयी विचारलेले असते. या रचनेत माणूस सांभाळण्याची व्यवस्था आहे आणि ती कोणी विकत घेतलेली नाही.

आपण सुचवता त्या रचनेत विद्यार्थी शिक्षकाला पैसे देणार, शिक्षक सुपरव्हायझरला देणार आणि सुपरव्हायझर त्याच्याही वरच्याला. जो पैसे देतो त्याला कडू गोष्ट कोण सांगणार? खरा रोग वेगळाच आहे. माणसे दोन-चार शनिवार-रविवारांचे प्रशिक्षण घेऊन शिकवायला उभी राहतात. दहा वर्षे स्वतः बसलेल्या माणसाला, समोरचा थरथरू लागला तर कागद घट्ट धरावा लागत नाही.

संथवाहिनी

शेवटचे वाक्य मला लागले, आणि त्यात तथ्य आहे. मी तेव्हा चार वर्षे साधना करत होते. ती पुरेशी नव्हती.

मात्र आपण जी रचना वर्णन केली, तिच्यात वरच्याने खालच्याकडे पाहत राहण्याची सोय आहेच, आपण तिला फक्त सुपरव्हिजन म्हणत नाही. आम्ही आठ आठवड्यांचे वर्ग घेणाऱ्यांनी त्या परंपरेतून तंत्र घेतले आणि सभोवतालचे सगळे मागे सोडले: आचार्य, संघ, शिबिर, जुने साधक. मी सूचना स्वतःच्या शब्दांत देते, दर सरावानंतर लोकांना काय जाणवले ते विचारते आणि त्या उत्तरांवर जागच्या जागी प्रतिसाद देते. मी नेमकी चुकते ती इथे, आणि ध्वनिमुद्रणाला हा धोका नसतो. दीर्घ साधनेने माणूस स्थिर होतो हे मान्य, पण पन्नाशीच्या पुरुषाने वर्गात आवाज चढवला की मी नेहमी विषय बदलते, ही माझी खोड मला साधनेत दिसली नाही. ती दुसऱ्याने दाखवली.

प्रमाणसिद्ध

मी संशोधनाच्या पद्धती शिकवतो, म्हणून माझा आक्षेप पुराव्याचा आहे. एखादी गोष्ट बंधनकारक करायची तर तिच्यामुळे शिकणाऱ्याचे भले होते हे दाखवावे लागते, आणि एका शिक्षिकेचा अनुभव, तो कितीही प्रामाणिक असला तरी, त्यासाठी पुरत नाही.

सजगता-शिक्षकाचे कौशल्य मोजण्यासाठी बँगर, एक्सेटर आणि ऑक्सफर्ड येथील अभ्यासकांनी सहा अंगांची एक मोजपट्टी तयार केली आहे. बैठकीची आखणी, माणसांशी नाते, शिक्षकाच्या स्वतःच्या वागण्यात उतरलेली सजगता, सरावाचे मार्गदर्शन, सरावानंतरचा संवाद आणि गट सांभाळणे ही ती अंगे होत. हीच मोजपट्टी वापरून नेदरलँड्समध्ये झालेला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला एमबीसीटीचा अभ्यास पाहावा. शिक्षकाला मिळालेले गुण आणि रुग्णांची सुधारणा यांच्यात त्यांना ठळक संबंध सापडला नाही. कौशल्यातल्या फरकानेच जर निकाल हलत नसेल, तर ते कौशल्य वाढवू पाहणाऱ्या सुपरव्हिजनने तो हलेल असे कशाच्या आधारे म्हणायचे? दर महिन्याच्या शुल्काचा बोजा शेवटी वर्गाच्या फीवर पडेल आणि ज्यांना गरज अधिक त्यांनाच वर्ग परवडणार नाही, हे नुकसान मात्र खात्रीचे आहे.

थेम्सकाठ

मी इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेत मानसशास्त्रज्ञ आहे आणि एमबीसीटीचे गट घेतो. प्रमाणसिद्ध यांनी नेमका अभ्यास काढला आहे, पण त्यातून ते जरा जास्त अर्थ काढत आहेत असे मला वाटते. त्या अभ्यासातले शिक्षक रीतसर तयार झालेले होते. सगळेच पोहणारे असतील तर कोण किती सफाईने पोहतो याने बुडणाऱ्यांची संख्या फारशी बदलणार नाही, पण त्यावरून पोहणे शिकण्याची गरज नाही असे ठरत नाही. दुसरे असे, की तिथे गटाची नैराश्याची सरासरी मोजली होती. धागाकर्तीचा वर्ग सोडून गेलेल्या बाई अशा सरासरीत दिसत नाहीत. ध्यानात येणाऱ्या त्रासदायक अनुभवांचा पद्धतशीर अभ्यास, विलोबी ब्रिटन आणि सहकाऱ्यांनी ब्राउन विद्यापीठात केलेला, २०१७ मध्येच प्रसिद्ध झाला. भीती, झोप उडणे, आपण आपले नाहीच असे वाटणे, असे अनुभव त्यात आले आहेत. गोदातीर यांनाही मी नम्रपणे सांगेन, की ते सांगणाऱ्यांत परंपरेच्या छायेखाली दीर्घकाळ साधना केलेली माणसेही होती.

सुपरव्हिजनचे काम केवळ निकाल सुधारणे एवढेच नसते. शिकवणे घडवणे, मर्यादा राखणे आणि शिकवणाऱ्याला सावरणे अशी त्याची तीन कामे आमच्याकडे मानतात. इथल्या समुपदेशकांच्या 'बीएसीपी' या संघटनेत मान्यताप्राप्त सदस्यांना महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन लागते, आणि तीस वर्षे काम केलेल्यालाही त्यातून सूट नाही.

परंतु सक्तीविषयी मला एक भीती आहे आणि ती मी इथल्या अनुभवावरून सांगतो. सक्ती आली की तास भरले जातात. मी स्वतः एका वर्षी सुपरव्हायझरपुढे फक्त माझी चांगली सत्रे ठेवली, कारण त्यांनाच माझ्याविषयी शिफारसपत्र द्यायचे होते. जो आपल्याला सावरतो त्याच्याच हातात आपले प्रमाणपत्र असेल, तर आपण त्याच्यापुढे कागद घट्ट धरूनच बसतो. ही दोन कामे दोन माणसांकडे हवीत.

फळाखडू

मी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षिका आहे. दुपारच्या सुट्टीनंतर मुलांना पाच मिनिटे शांत बसवते आणि शनिवारी सकाळी गावातल्या आठ-दहा बायकांबरोबर तासभर हाच सराव करते, तोही विनाशुल्क. प्रस्तावाची भाषा 'शुल्क घेणारा' अशी आहे, म्हणून मी त्यातून सुटते. पण माझ्या शनिवारच्या वर्गात गेल्या वर्षी नवरा गेलेली एक जण येते. धोका शुल्कावर ठरत नाही.

माझी खरी अडचण निराळी आहे. मला सुपरव्हिजन हवे आहे. एका ऑनलाइन गटात मी तीन महिने बसून पाहिले. तिथे सगळे इंग्रजीत चालत असे. माझ्या वर्गातली बाई म्हणते, "डोळे मिटले की जीव वर-खाली होतो." दुसरी म्हणते, "पोटात कालवतं." तिसरी नुसती "कसनुसं होतं" एवढेच म्हणते आणि पदर नीट करते. मी इंग्रजीत 'तिला अस्वस्थ वाटते' असे सांगत असे आणि सांगता सांगताच मला कळे, की जे सांगायचे होते ते निसटले. जीव वर-खाली होणे म्हणजे चिंता की आठवण, की उपासाच्या दिवशी रिकाम्या पोटी बसणे, हे विचारायला समोरच्याला ते शब्द स्वतःच्या अंगात ओळखीचे असावे लागतात. मार्गदर्शन मराठीत, संवाद मराठीत आणि त्या संवादाची उजळणी परक्या भाषेत, यात कामाचा गाभाच हरवतो. मराठीत हे काम करू शकणारी माणसे आज किती आहेत? ती तयार होण्याआधी सक्ती झाली, तर खेड्यातले वर्ग बंद पडतील आणि शहरातले इंग्रजी वर्ग तेवढे नियमात बसतील.

प्रमाणसिद्ध

थेम्सकाठ यांचा सरासरीविषयीचा मुद्दा मला मान्य आहे. त्रासाची मोजणी वेगळी व्हायला हवी. फळाखडू यांना एवढेच सांगतो, की ब्रिटनमधल्या ८५ शाळांत आठ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या 'मिरियड' या मोठ्या प्रयोगात, शाळांच्याच शिक्षकांना प्रशिक्षण देऊन सजगता शिकवली गेली आणि २०२२ च्या निष्कर्षांत नेहमीच्या शिकवण्याहून मुलांच्या मनःस्वास्थ्यात अधिक फायदा दिसला नाही. आपली पाच मिनिटे थांबवा असे मी म्हणत नाही. त्यांच्याकडून उपचाराची अपेक्षा मात्र ठेवू नये. सक्तीला माझा विरोध अजून कायम आहे.

संथवाहिनी

फळाखडू, आपल्या उत्तरानंतर मी माझा प्रस्ताव बदलते. 'शुल्क घेणारा' हा निकष चुकीचा होता. त्याऐवजी, समोरच्याला बोलते करून त्याच्या अनुभवावर प्रतिसाद देणारा प्रत्येक जण यात यावा. आपली मुलांबरोबरची पाच मिनिटे त्यात येणार नाहीत, शनिवारचा वर्ग येईल. आणि 'बंधनकारक' हा शब्द मी सध्या मागे घेते, कारण जी गोष्ट मराठीत उपलब्धच नाही ती मी कोणावर बंधनकारक करू शकत नाही.

आधी ती उपलब्ध करावी लागेल. पाच-सहा मराठी शिक्षकांचा एक गट, महिन्यातून एकदा दोन तास, त्यात दर वेळी एकाने आपल्या वर्गातला एकच प्रसंग मांडायचा, शक्यतो अडखळलेला. सहभागींची नावे, गाव, नाती काहीही सांगायचे नाही. शुल्क नाही, शिफारसपत्र नाही. फळाखडू यांच्या बायका जे शब्द वापरतात ते आम्ही एका वहीत उतरवू, कारण मलाही पुण्यात 'कसनुसं' ऐकल्यावर पुढे काय विचारावे हे नीट ठाऊक नाही.

गोदातीर

शुल्क नसेल तर माझा अर्धा आक्षेप संपतो. उरलेला अर्धा असा, की सारख्याच अनुभवाची सहा माणसे एकमेकांच्या चुका एकमेकांना समजावून सांगतील आणि त्या सगळ्यांना पटतील. गटात किमान एक जण असा हवा, जो आपल्याहून पुष्कळ जास्त बसला आहे आणि ज्याला स्वतःचा वर्ग चालवायचा नाही. असा माणूस मिळाल्याशिवाय सुरुवात करू नये असे मला वाटते.

संथवाहिनी

हे मान्य आहे. आपण याल का?