टीव्हीसाठी ४० एमबीपीएस पुरतात, २०० कशाला?

घोडबंदरकर: पावसात डिशचा सिग्नल जातो म्हणून आमच्या सोसायटीत सगळे ब्रॉडबँडवर टीव्ही घेताहेत आणि प्रत्येकाच्या गळ्यात २०० एमबीपीएसचा (म्हणजे सेकंदाला २०० मेगाबिट वेगाचा) प्लॅन मारला जातोय. हे मला पटत नाही. १९२० बाय १०८० चं चित्र, सेकंदाला २५ फ्रेम, कॉम्प्रेशनशिवाय, म्हणजे दाबून लहान न करता पाठवलं तर ६०० एमबीपीएसच्या वर जाईल. एच.२६४ या व्हिडिओ दाबायच्या पद्धतीने ते ५-६ मध्ये बसतं, कारण दर वेळी अख्खं चित्र न पाठवता मुख्यतः काय बदललं तेवढंच पाठवतात. २०१३ च्या एचईव्हीसी या त्याच्या पुढच्या पद्धतीचा तर उद्देशच होता, तोच दर्जा निम्म्या बिट्समध्ये. दोन टीव्ही, तीन मोबाइल धरले तरी ४० भरपूर.

नेरूळची: बातम्यांना हे खरं. क्रिकेट लावून बघा! कॅमेरा चेंडूमागे धावतो, गवत, प्रेक्षक, सगळंच बदलत असतं. मग गवताचा हिरवा चिखल होतो. सिनेमा सावकाश एन्कोड करून, म्हणजे नीट दाबून ठेवता येतो, लाइव्ह सामन्याला तेवढी सवड नसते. फोर-के घेतलंत तर एकेका टीव्हीला १५ ते २५ लागतात.

घोडबंदरकर: पण चिखल पाठवणाऱ्याकडेच झालेला असतो. त्याने ६ ने पाठवलं तर तुम्ही २०० घेऊनही ६ च येणार.

खारघर सेक्टरवाला: माझ्याकडे प्लॅन १०० चा, बेडरूममध्ये मोजले तर ८. राउटर हॉलमध्ये, मध्ये काँक्रीटची भिंत, आणि वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर अख्ख्या टॉवरचे राउटर. लॅनची वायर ओढली, अडकणं थांबलं. आधी वायर, मग प्लॅन. आणि टीव्ही जुना असेल तर एचईव्हीसी चालतं का तेही बघा, नाहीतर निम्म्या बिट्सचा हिशेब विसरा.

नेरूळची: भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडू देत नाहीत हो. आणि रात्री ९ ला काय होतं? मल्टिकास्टमध्ये, म्हणजे एकच प्रवाह सगळ्यांना वाटून द्यायच्या पद्धतीत, एका चॅनलचा एकच प्रवाह शेवटच्या फाट्यापर्यंत येतो. अ‍ॅपवर तसं नाही, हजार घरं तर हजार प्रवाह. आमच्याकडे तेव्हा ४० चे १२ होतात. म्हणून मी १०० घेतला.

घोडबंदरकर: ४० चे १२ मिळत असतील तर तो पुरवणाऱ्याचा दोष. जादा पैसे भरून आपण तो झाकतोय. रोज रात्री वायर लावून वेग मोजा, नोंद ठेवा, तक्रार करा.

नेरूळची: तक्रार केलीच आहे. पण सासूबाईंची मालिका ८ ला लागते, तक्रार निकालात निघेपर्यंत त्यांना गोल फिरणारं चक्र बघत बसवणार नाही मी.